शेतीचे सरकारी पैसे: गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावच्या सोसायटीच्या पडवीत टेबल टाकून मी लोकांचे शेतीचे फॉर्म भरून देते. मी कृषी खात्यातली नव्हे, वकीलही नव्हे. घरचं थोडं भात, वर डोंगराला काजू, आणि दहा वर्षांपूर्वी वडिलांच्याच कामासाठी मामलेदाराच्या, म्हणजे तहसीलदाराच्या, कचेरीच्या पायऱ्या झिजवताना जे शिकले ते. लोक विचारतात ते प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा लिहून ठेवते. विचारणाऱ्यांनी विचारले तसेच ते खाली दिले आहेत.

सरकार शेतीला पैसे देतं म्हणतात. नक्की कोण देतं, आणि कुठल्या कचेरीत जायचं?

एक पैसा दिल्लीहून येतो, एक पणजीहून. दिल्लीचा म्हणजे पीएम किसान: वर्षाला ६००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँकेत. तुमची जमीन पाचशे चौरस मीटर असो की पाच हेक्टर, रक्कम तीच. पणजीचा म्हणजे राज्याच्या कृषी संचालनालयाचा: काजू, भात, नारळ यांचा आधारभूत दर, पीक गेल्यावरचा शेतकरी आधार निधी, बियाणं, अवजारं, कुंपण यांवरचं अनुदान. संचालनालय करंजाळ्याला टोंक इथल्या कृषी भवनात आहे, पण तिथवर जायची गरज सहसा पडत नाही. आपलं काम तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात होतं.

यांखेरीज पीक विमा आणि वन खात्याची नुकसानभरपाई ही दोन वेगळी दारं आहेत. वन खात्याचा अर्ज कृषी कार्यालयात देऊन महिनाभर वाट बघणारे लोक मला दरवर्षी भेटतात.

सगळे आधी कृषी कार्ड मागतात. ते काय असतं?

राज्याच्या योजनांत तुमची ओळख म्हणजे कृषी कार्ड. तुम्ही कोण, कुठला सर्व्हे नंबर कसता, किती क्षेत्र, काय पीक, ही नोंद त्यात असते. विभागीय कृषी कार्यालय ते देतं. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद, त्याचं पुढे सांगते), आधार कार्ड, पासबुकाची प्रत आणि फोटो एवढं लागतं. उताऱ्यावर तुमचं एकट्याचं नाव नसेल तर मालकाचं किंवा बाकीच्या हिस्सेदारांचं ना हरकत पत्र मागतात, आणि गाडी अडते ती तिथेच.

कार्डावर क्षेत्र कमी लिहिलं असेल तर पुढे प्रत्येक योजनेत तेवढंच धरलं जातं. कार्ड हातात आलं की आधी क्षेत्र वाचा, फोटो चांगला आलाय का ते मागाहून बघा.

एक-चौदाचा उतारा वाचायचा कसा? त्यात सगळं इंग्रजी-मराठी एकत्र आहे.

ह्या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या अनुभवात अडकलेल्या दहा अर्जांतले आठ योजनेमुळे अडकत नाहीत, ह्या एका कागदामुळे अडकतात.

नमुना एक व चौदा हा जमिनीचा गोव्यातला मूळ कागद. सर्वांत वर तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि उपविभाग. आपल्याकडे लोक शेताला नावाने ओळखतात, ‘वयली मेर’, ‘देवळाकडचो कुणगो’. कचेरीत नाव चालत नाही, नंबर आणि उपविभाग दोन्ही लागतात. ३४ चा १ आणि ३४ चा १-अ ही दोन वेगळी शेतं असतात आणि त्यांचे मालक भांडत असतात.

त्याखाली लागवडीचं क्षेत्र: जिरायत, बागायत, तरी, केर, खाजन, मोरड अशा रकान्यांत. तरी म्हणजे भाताचं, बागायत म्हणजे माडा-पोफळीचं. तुम्ही भाताच्या नुकसानीचा अर्ज करता आणि उताऱ्यावर तरीच्या रकान्यात शून्य आहे, तर पाहणीला आलेला माणूस आधी तेच विचारणार. शेजारी पड क्षेत्र म्हणजे पोटखराबा लिहिलेला असतो. तो लागवडीत धरत नाहीत. आकडे हेक्टर, आर, चौरस मीटर असे फोडून असतात. १०० चौरस मीटरचा एक आर, १०० आरांचा एक हेक्टर. टिंबं नीट बघा. टिंब हलल्यामुळे बाराशे मीटरचं शेत बारा हजारांचं झालेलं मी पाहिलंय, आणि त्या माणसाचा अर्ज अर्थातच परत आला.

आता मुख्य: कब्जेदाराचं नाव. मालकी धरतात ती ह्या रकान्यातली. नावाच्या बाजूला खाते नंबर आणि फेरफार नंबर असतो. त्याखाली कुळाचं नाव, आणि मग इतर हक्क. पुष्कळांना वाटतं आपलं नाव कागदावर कुठेतरी आहे म्हणजे झालं. कुठल्या रकान्यात आहे त्यावर सगळं ठरतं.

उतारा आता सरकारच्या ‘धरणी’ प्रणालीत संगणकावर बघता येतो. बघायला पैसे पडत नाहीत. कधीही जमीन बघितली नसेल तर आज रात्री जेवण झाल्यावर मुलाच्या फोनवर बघा. बऱ्याच घरांत त्यानंतर बोलायला विषय मिळतो.

आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झाली. उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव. आम्हांला पैसे मिळतील का?

आजोबांच्या नावावर नाही मिळणार, आणि तुमचं नाव लागल्याशिवाय तुम्हांला पीएम किसान मिळणार नाही. नाव लावायचं म्हणजे वारसा ठरवून फेरफार करायचा.

गोव्यात हे बाहेरच्यापेक्षा वेगळं आहे. मुंबईच्या पाहुण्याने सांगितलेलं इथे लागू पडत नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा चालतो. लग्नाने नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक होते, आणि मुलींना मुलांइतकाच वाटा असतो. म्हणून आजोबांच्या जमिनीत आजी अर्धी मालक होती, आणि पुण्याला दिलेली आत्या आजही हिस्सेदार आहे. तिच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. वाद नसेल तर सब-रजिस्ट्रारकडे वारसा दस्त म्हणजे सक्सेशन डीड करता येतं. वाद असेल किंवा वाटणी हवी असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारस नि मालमत्ता ठरवून वाटणी करायचं प्रकरण. दस्त झाला की तो घेऊन मामलेदाराकडे फेरफाराचा अर्ज. फेरफार मंजूर झाला की उताऱ्यावर नाव.

वेळ लागतो, खर्चही होतो. वर्षाच्या ६००० साठी एवढं कशाला, असं लोक विचारतात. ६००० साठी नकाच करू. पण तीच नोंद नसल्यामुळे आधार निधी अडतो, कुंपणाचं अनुदान अडतं, बँकेचं पीककर्ज अडतं. दर वर्षी थोडं थोडं गेलेलं मोजलं तर दस्ताचा खर्च केव्हाच भरून निघाला असता. आमच्या घरी आत्यांच्या सह्या चतुर्थीला घेतल्या. सगळ्या घरी येतात, मोदक-नेवऱ्या झालेल्या असतात, मन मोठं असतं. गणपती पोचवल्यानंतर कुणी भेटत नाही.

एक नियम लक्षात ठेवा. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरतात. त्यानंतर विकत किंवा बक्षीस घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही. मृत्यूनंतर वारशाने आलेल्या जमिनीवर मात्र मिळतो. तेव्हा फेरफाराचं कारण ‘वारसा’ असंच नोंदलं जायला हवं.

आम्ही कूळ. तीन पिढ्या आम्हीच कसतो, भाटकार (जमीनमालक) कधी बांधावरही आला नाही. तरी पैसे त्यालाच का?

सरळ उत्तर ऐकायला कडू आहे: पैसे चिखलात उभा असलेल्याला जात नाहीत, कब्जेदाराच्या रकान्यात उभा असलेल्याला जातात.

१९६४ साली गोव्यात शेती कूळ कायदा आला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळांनी जमीन विकत घेतली असं मानलं गेलं. ‘कसेल त्याची जमीन’ ती ही. पण ‘मानलं गेलं’ आणि ‘कागदावर आलं’ यांच्यात मामलेदाराची कचेरी आहे. खरेदीची किंमत ठरवून, ती भरून, खरेदीचा दाखला घ्यायचा असतो. त्यानंतर नाव कुळाच्या रकान्यातून वर कब्जेदाराच्या रकान्यात जातं. त्या काळात ज्यांनी हे केलं त्यांची नातवंडं आज निर्धास्त आहेत. ज्यांना वाटलं कायदाच झालाय, आता काय करायचं, त्यांची नातवंडं माझ्या टेबलासमोर बसतात.

तेव्हा उताऱ्यावर कूळ म्हणून नाव असेल तर खरेदीसाठी अर्ज करा, अजूनही. कूळ म्हणूनही नाव नसेल तर आधी कूळ ठरवून घ्यावं लागतं, आणि तिथे जुन्या खंडाच्या पावत्या, सोसायटीच्या नोंदी, शेजाऱ्यांच्या साक्षी कामाला येतात. आजीच्या पेटीतला कागद जाळू नका. पोर्तुगीजमधला वाचता येत नसला तरी नका.

राज्याच्या योजनांत कुळाला तुलनेने वाट असते, कारण कृषी कार्ड कसणाऱ्यालाही देतात. म्हणून कुळांनी दिल्लीच्या पैशासाठी हताश होऊन पणजीच्या पैशावर पाणी सोडू नये.

आणि मुंडकार म्हणजे कूळ नव्हे. मुंडकाराचा १९७५ चा कायदा घराचा आणि घराभोवतीच्या जागेचा. त्यावर शेताचं अनुदान मागायला येऊ नका. दर महिन्याला एक तरी जण येतो.

जमीन कोमुनिदादीची आहे. किंवा सरकारी. किंवा आम्ही मयेचे.

कोमुनिदाद म्हणजे गांवकरी, गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था. तिची जमीन संस्थेच्या नावावर असते, आणि संस्थेच्या नावावरच्या जमिनीला पीएम किसान नाही. तिथे कूळ म्हणून कसत असाल तर वरचं उत्तर वाचा.

मये गावच्या उताऱ्यांवर वर्षानुवर्षं ‘कस्टोडियन ऑफ इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ असायचं. मालक पोर्तुगालला निघून गेलेला, कसणारे इथेच. २०१४ साली त्यासाठी खास कायदा झाला आणि पुढे सनदा द्यायला सुरुवात झाली. सनद मिळाली असेल तर ती कपाटात ठेवून उपयोग नाही, उताऱ्यावर नाव चढलंय का ते बघून घ्या.

सत्तरीत डोंगरावरचे कित्येक काजू सरकारी किंवा वन खात्याच्या जमिनीत आहेत, हे तुम्हांलाही ठाऊक आहे नि मलाही. वनहक्क कायद्याखाली, म्हणजे २००६ च्या, दावा घातला असेल तर त्याची पोच आणि ग्रामसभेचा ठराव जपून ठेवा. दावा मंजूर होईपर्यंत त्या जमिनीवर मालकीचा कागद मागणारी कुठलीच योजना मिळत नाही.

पीएम किसान कोणाला मिळत नाही?

गोव्यात घरटी एक सरकारी नोकर, त्यामुळे ही यादी इथे फार लोकांना लागते. सेवेतले किंवा निवृत्त सरकारी कर्मचारी (शिपाई वगैरे चतुर्थ श्रेणी सोडून), महिन्याला १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, मागच्या वर्षी आयकर भरलेले, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय करणारे, आजी-माजी मंत्री, आमदार, खासदार. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. ह्यांतला एक जरी यादीत बसला तरी सगळं कुटुंब बाद. आणि एका कुटुंबाला एकच लाभ.

मुलाने कर्जासाठी आयकराचं विवरणपत्र भरलं म्हणून बापाचा हप्ता जात नाही, मुलगा सज्ञान असेल तर तो वेगळा. ही भीती उगाच पसरलीय. पण चुकून घेतलेले पैसे परत मागतात, हे मात्र खरं.

हप्ता येत होता, अचानक बंद झाला. का?

पीएम किसानचा हप्ता थांबायची कारणं तीन: ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालेली नाही, जमिनीची नोंद जोडलेली नाही, किंवा आधार बँकेला जोडलेलं नाही. पोर्टलवर लाभार्थीची स्थिती उघडली की तिन्हींच्या पुढे हो किंवा नाही दिसतं. ‘नाही’ असेल तेवढंच दुरुस्त करायचं. उगाच नव्याने अर्ज करू नका, दोन नोंदी झाल्या की दोन्ही अडकतात.

ई-केवायसी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपीने होते, सेवा केंद्रात बोटाच्या ठशाने होते, किंवा ॲपमध्ये चेहरा दाखवून. काजू सोलून सोलून ज्यांचे ठसे पुसट झालेत त्यांनी सरळ चेहऱ्याने करावी. सोलण्याचा चीक बोटांवर असला की यंत्र तीनदा-चारदा नाकारतं आणि मागचे लोक कुरकुरतात.

तिसरं कारण सर्वांत फसवं. शेजारच्या वाड्यावरच्या मावशी आल्या: “बाये, पोर्टलार जमा म्हण दाखयता, म्हजे पयशे खंय गेले?” पासबुक कोरं. पोर्टल खोटं बोलत नव्हतं. आधारवर येणारे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. आधार शेवटी ज्या बँकेत जोडलं गेलं तिथे जातात, आणि एका वेळी एकच बँक जोडलेली असते. मावशींनी काही वर्षांपूर्वी गॅसच्या सबसिडीसाठी दुसऱ्याच बँकेत खातं उघडलं होतं आणि विसरून गेल्या होत्या. तिथे सहा हप्ते साठले होते. त्या बँकेतल्या माणसाने खातं निष्क्रिय आहे, पुढच्या आठवड्यात या, असं त्यांना तीन वेळा सांगितलं. चौथ्या वेळी मी बरोबर गेले, तेव्हा वीस मिनिटांत झालं. बारा हजार रुपये. परत येताना त्यांनी रस्त्यावर मला लिंबूसोडा पाजला आणि वर दहाची नोट सुटी मागितली.

हेल्पलाईन १५५२६१. लागायला वेळ लागतो, पण लागते.

पुढचा हप्ता कधी?

चार-चार महिन्यांचे तीन भाग असतात: एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर, डिसेंबर ते मार्च. त्या मुदतीत सोडायचा दिवस दिल्लीत ठरतो. २०२५ मध्ये २४ फेब्रुवारी, २ ऑगस्ट आणि १९ नोव्हेंबरला आले. म्हणजे लावणीच्या मजुरीसाठी त्यावर विसंबू नका.

काजूचा आधारभूत दर म्हणजे सरकार काजू विकत घेतं का?

नाही. काजू तुम्ही नेहमीसारखाच विकायचा. बाजारात दर पडला तर ठरवलेल्या आधारभूत दरापर्यंतचा फरक सरकार देतं. २०२३ मध्ये गोव्यात हा दर किलोला १२५ वरून १५० रुपये केला. हिशेब असा: बाजारात ११० ने विकला, आधारभूत दर १५०, फरक ४०. तीनशे किलो बी विकली तर १२,००० रुपये. चालू हंगामाचा दर अर्ज करताना कार्यालयात पक्का करून घ्या.

पण पावती पाहिजे. दारात टेम्पो घेऊन येणाऱ्याला रोखीने विकलं, त्याने पाकिटावर आकडा लिहून दिला, तर ते पाकीट कार्यालयात चालत नाही. नोंदणीकृत व्यापारी किंवा सहकारी संस्थेची पावती लागते, तीवर नाव, तारीख, वजन, दर. बागायतदारांच्या सहकारी संस्थेत विकणाऱ्यांना हा त्रास नसतो. टेम्पोवाला जागेवर पाच रुपये जास्त देतो हे खरं. पाच रुपयांसाठी चाळीस सोडायचे की काय ते तुम्ही बघा.

दुसरं, पावतीवरचा माल आणि कार्डावरचं क्षेत्र यांचा मेळ बसला पाहिजे. अर्ध्या हेक्टराच्या कार्डावर दोन टन काजू दाखवलात तर शेजाऱ्याचे काजू तुमच्या नावावर आले हे कार्यालयातल्या पोराला पण कळतं. वडिलांचं कार्ड आणि मुलाच्या नावाची पावती, हेही परत येतं. काजू गोळा करून विकायला कोण जातो ते बघा आणि पावती कार्डवाल्याच्या नावाने घ्या.

भात, नारळ ह्यांनाही असाच दर आहे. पद्धत तीच.

कापणीला आलं नि पाऊस आला. सगळं भात आडवं. काय करू?

ऑक्टोबरचा हा आपला ठरलेला शाप. सरद, म्हणजे पावसाळी भात, पिकलेलं असतं, कापणीचं यंत्र यायचं ठरलेलं असतं आणि दुपारी तीनला आभाळ भरतं. दोन दिवस पाऊस पडला की शेत इतकं ओलं होतं की यंत्र आत शिरत नाही. शिरलं तर रुततं. चौथ्या दिवशी आडव्या पडलेल्या कणसांना पांढरे कोंब फुटलेले दिसतात. वरून बघणाऱ्याला शेत पिवळंधम्मक दिसतं, मूठभर उचलून हातात घेतलं की कळतं.

म्हणून फोटो जवळून काढा. लांबून काढलेल्या फोटोत सगळं बरं दिसतं. कोंब दिसले पाहिजेत, पाणी दिसलं पाहिजे, आणि एका फोटोत ओळखीची खूण, म्हणजे विजेचा खांब, देऊळ, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) झडप, जेणेकरून हे तुमचंच शेत हे कळेल. लगेच विभागीय कृषी कार्यालयात शेतकरी आधार निधीचा अर्ज द्या. कृषी सहाय्यक येऊन पाहणी करतो. तो येण्याआधी सगळं कापून गुरांना घालू नका. घालायचंच झालं तर एक कोपरा तसाच ठेवा.

भाताला हेक्टरी ४०,००० रुपयांपर्यंत, आणि जास्तीत जास्त चार हेक्टरांना. ऐकायला मोठं वाटतं. आपलं शेत आठशे मीटर. ४०,००० भागिले १०,००० म्हणजे मीटरला चार रुपये; आठशेला ३२००. नांगरणी, बियाणं, खत आणि लावणीच्या बायकांची मजुरी धरली तर मूळ खर्चही निघत नाही. पण अर्ज न करणाऱ्याला तेही मिळत नाही, आणि २०२१ च्या जुलैत आपल्याकडे नद्या गावांत शिरल्या तेव्हा अर्ज न करता बसलेले मला बरेच भेटले. ‘कोण जातो तीन हजारांसाठी’ म्हणणारे लोक नंतर पंचायतीत सर्वांत जास्त बोलतात.

पीक विमा वेगळा का?

वेगळा. तो आधी हप्ता भरून घ्यायचा असतो: खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, बागायती नगदी पिकांना ५. २०२० च्या खरिपापासून कर्जदारांनाही तो ऐच्छिक आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं, फोन १४४४७. ७२ तास म्हणजे तीन दिवस. रविवार, सण त्यात मोजले जातात.

गवे रोज रात्री येतात. माकडं तर दिवसाही. त्याचे पैसे?

म्हादई अभयारण्याच्या कडेच्या गावांत हा प्रश्न भाताच्या दरापेक्षा मोठा झालाय. गवा आपला राज्यप्राणी. त्याला दगड मारायचाही आपल्याला अधिकार नाही. भरपाईचा अर्ज वन खात्याच्या रेंज कचेरीत. शेणाचा, खुरांच्या ठशांचा फोटो घ्या, सकाळी सकाळी, ऊन चढायच्या आधी.

कृषी कार्यालयाकडून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. गव्याला, रानडुकराला कुंपण अडवतं. माकड माडावरून माडावर जातं, त्याला तुमची तार कशाला दिसायला हवी. कुळागरवाल्यांनी, म्हणजे माडा-पोफळीची बाग असलेल्यांनी, हे धरूनच खर्च करावा.

उसाचे पैसे अजून मिळतात का?

धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचं गाळप २०१९-२० च्या सुमारास थांबलं, तेव्हा सरकारने ऊस उत्पादकांसाठी पाच वर्षांची मदत ठरवली होती: पहिल्या वर्षी टनाला ३००० रुपये, मग २८००, २६००, २४००, २२००. उतरती, कारण तोवर शेतकऱ्याने दुसऱ्या पिकाकडे वळावं असा हेतू. ती पाच वर्षांची होती. त्या काळातली थकबाकी असेल तर तालुका कार्यालयात विचारा.

पॉवर टिलर घेतला. आता अनुदानाचा अर्ज करायचाय.

उलटं केलंत. आधी अर्ज, मंजुरी, मग मान्यताप्राप्त विक्रेत्याकडून खरेदी, आणि बिल. केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना साधारण ५० टक्के, बाकीच्यांना ४०. बायकोच्या नावाने उतारा असेल तर अर्ज तिच्या नावाने करा. मात्र मग बिलही तिच्याच नावाचं, आणि पैसेही तिच्याच खात्यात. हे ऐकून दोन नवरे माघारी गेलेत.

गावात कोणाला किती मिळालं ते बघता येतं का?

पीएम किसानची गाववार लाभार्थी यादी पोर्टलवर उघडी आहे: राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा. राज्याच्या योजनांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. यादी जरूर बघा. त्यात बहुतेकदा दोन गोष्टी सापडतात: वारलेल्या माणसाचं नाव, आणि अजून शेत कसणाऱ्या माणसाचं नसलेलं नाव. पहिलं दिसलं तर घरच्यांना सांगा, कारण मृत्यूनंतर आलेले हप्ते परत करावे लागतात. भांडणासाठी यादी वापरायची असेल तर माझ्या टेबलावरून नको.

व्हॉट्सॲपवर लिंक आली, पीएम किसानचं ॲप टाका म्हणून.

टाकू नका. मेसेजमधून आलेली फाईल फोनमध्ये गेली की ओटीपी दुसरीकडे जातात. ॲप फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. सरकार तुम्हांला फोन करून ओटीपी विचारत नाही, आणि कृषी अधिकारी तर कामासाठीही फोन करत नाहीत.

शेत पडीक आहे. विकून टाकलं तर?

भाताचं शेत शेतकरी नसलेल्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत, त्यामुळे दिल्लीच्या पाहुण्याने सांगितलेला दर विसरा. रूपांतराची सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करायची परवानगी, काढली तर शेतीच्या सगळ्या योजनांतून ते क्षेत्र जातं. कसायला कुणी नसेल तर शेजाऱ्याला द्या, पण तोंडी नको आणि ‘कूळ लागेल’, म्हणजे कसणारा उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल, ह्या भीतीने पडीकही नको. कागद वकिलाकडून करून घ्या. वीस वर्षं पडीक ठेवलेल्या शेतात आता ॲकेशिया उभी आहे आणि मालक गव्याच्या नुकसानीचा अर्ज भरायला येतो.

तुमच्याकडे येताना काय आणू?

नवा उतारा, सहा महिन्यांच्या आतला. आधार, आणि त्याला जोडलेला मोबाईल. मोबाईल मुलाकडे वास्कोला असेल तर मुलगा घरी येईल त्या रविवारी या. पासबुक, नोंदी छापलेलं. कृषी कार्ड. काजूच्या पावत्या असतील तर सुट्या नको, दोऱ्याने बांधून. चष्मा. मंगळवारी मी नसते, त्या दिवशी मामलेदाराकडे आमच्याच एका फेरफाराची तारीख असते.